काम चालू, रस्ता बंद नाही

गेल्या अंकात मी या सदरात एक वाक्य लिहिलं होतं, की मेंदूचा कपाळामागचा भाग, तोच जो 'थांब, विचार कर, मग बोल' म्हणतो, तो विशीच्या मध्यापर्यंत तयार होत राहतो आणि आठवी ते दहावी शिकवणाऱ्यानं हे डोक्यात ठेवूनच वर्गात पाऊल टाकावं. झालं. या एका वाक्यावर जेवढी पत्रं आणि मेल आले तेवढे अख्ख्या वर्षात आले नव्हते. काहींनी आभार मानलेत, काहींनी चांगलं झापलंय. त्यातले पाच प्रश्न घेतेय, नावं गाळलीयत.

प्रश्न : बाई, नमस्कार. मी तासगावच्या बाजूला एका हायस्कूलमध्ये नववीला विज्ञान शिकवते. वर्गात एक मुलगा आहे, एकटा स्टाफरूममध्ये वही दाखवायला येतो तेव्हा इतका समजूतदार, की गतीचे नियम तोच मला समजावून सांगेल. पण वर्गात शेवटच्या बाकावर त्याचे तीन दोस्त शेजारी असले की नुसता विदूषक. परवा प्रयोगाच्या तासाला स्पिरिटच्या दिव्यावर प्लॅस्टिकची फूटपट्टी धरली. का केलंस विचारलं तर म्हणतो, माहीत नाही. खोटं बोलतोय ना?

नाही हो, बहुतेक खरंच सांगतोय. त्याला खरोखरच माहीत नाही.

अमेरिकेत गार्डनर आणि स्टाइनबर्ग या दोघांनी २००५ मध्ये एक प्रयोग छापला, तो मला शिक्षकांच्या प्रशिक्षणात सगळ्यात जास्त उपयोगी पडलाय. ३०६ जणांना कॉम्प्युटरवर गाडी चालवायचा खेळ दिला, सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की अजून थोडं पुढे दामटायचं हे आपण ठरवायचं, उशीर केला तर गाडी ठोकली जाणार. तीन वयोगट होते, १३ ते १६, १८ ते २२ आणि २४ च्या पुढचे. एकटं खेळताना सगळे जवळपास सारखेच सांभाळून खेळले. मग दोन-दोन मित्र शेजारी बसवले, आणि १३ ते १६ वाल्यांनी जी काय गाडी दामटली ती दामटली, २४ च्या पुढच्यांना मात्र शेजारी कोण आहे यानं काही फरक पडला नाही. नंतर २०११ मध्ये तसाच खेळ मेंदूचं स्कॅनिंग करत करत खेळवला, तेव्हा दिसलं की मित्र बघतायत एवढं नुसतं कळलं तरी या वयातल्या मुलांच्या मेंदूतला बक्षिसाचा, मजा वाटण्याचा भाग जास्त पेटतो. म्हणजे तुमच्या विद्यार्थ्याला प्लॅस्टिक जळतं हे माहीत नव्हतं असं नाही. ते माहीत असून त्या क्षणी तीन दोस्तांचं हसणं जास्त वजनदार होतं.

होतं असं की मजा, उत्तेजना, लोक मला काय म्हणतील हे बघणारी यंत्रणा वयात येतानाच जोरात सुरू होते, आणि तिला आवरणारा पुढचा भाग हळूहळू, मागून पुढे असा पक्का होत जातो. जे गिड नावाच्या डॉक्टरांच्या गटानं अमेरिकेत त्याच मुलांचे वर्षानुवर्षं एमआरआय काढून हे दाखवलं, त्यांचा गाजलेला पेपर १९९९ चा. वयात यायच्या सुमाराला पुढच्या भागात करड्या द्रव्याचा साठा सगळ्यात जास्त असतो आणि नंतर तो कमी व्हायला लागतो. कमी ऐकून घाबरू नका, तुम्ही द्राक्षाच्या गावात राहता, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी केल्याशिवाय बागेला माल येत नाही हे तुम्हाला मी काय सांगायचं. इथेही फार न वापरल्या जाणाऱ्या जोडण्या गळतात, आणि ज्या राहतात त्यांच्यावर चरबीचं वेष्टण चढतं, वायरवर प्लॅस्टिकचं कव्हर असतं तसं, मग निरोप झपाट्यानं जातो. फक्त इथे कात्री घेऊन कुणी माळी उभा नाही, थोडं जन्मतः ठरलेलं आणि थोडं पोरगं रोज काय करतं त्यावर.

आता वर्गात करायचं काय? पहिलं म्हणजे त्याला वर्गासमोर बोलू नका. मी ही चूक केलीय म्हणून सांगते. शिकवायला लागून चारेक वर्षं झाली असतील, एका मुलानं उत्तरपत्रिकेत 'ॲसिड पिवळं असतं कारण ते रागीट असतं' असलं काहीतरी लिहिलं होतं, मी ते मजेत वर्गात वाचून दाखवलं. वर्ग हसला, मीपण हसले. तो मुलगा त्यानंतर मार्चपर्यंत माझ्या तासाला एक शब्द बोलला नाही, प्रश्न विचारला की उभा राहायचा आणि बाकावरच्या त्या कोरलेल्या बाणाकडे बघत राहायचा. मला तेव्हा वाटलं, केवढा हा इगो. आता कळतं की चाळिशीतल्या माणसाला जे टोचतं ते त्या वयात भोसकतं. तुमच्या मुलाशी जे बोलायचं ते स्टाफरूमच्या दारात, दोन मिनिटं, आवाज खाली.

दुसरं, प्रेक्षक काढता येत नसतील तर नाटक बदला. पुढच्या प्रयोगाला त्याला दिव्याची जबाबदारी द्या, सगळ्या गटांचे दिवे पेटवायचे आणि विझवायचे, झाकण लावून, फुंकर मारून नाही. दोस्त बघणारच आहेत, तर काहीतरी धड करताना बघू देत. आणि हो, दिव्याजवळ चार पोरांचा घोळका होऊ देऊ नका, दोघांचेच गट करा. फळ्यावर सूचना लिहून जेवढा उपयोग होतो त्यापेक्षा याचा जास्त होतो.

प्रश्न : आम्ही ठाण्यात राहतो. मुलगी नववीत, शाळा सातची, साडेपाचला उठवावं लागतं आणि ते उठवणं म्हणजे रोजचं युद्ध. रात्री साडेदहाला दिवा बंद केला तरी बारापर्यंत झोप येत नाही म्हणते. तिचे बाबा म्हणतात सगळा मोबाईलचा प्रताप. मोबाईल आम्ही दहालाच काढून घेतो. शनिवारी-रविवारी मात्र अकरापर्यंत लोळते.

बाबांचं अर्धं बरोबर आहे, स्क्रीननं भर पडतेच. पण मोबाईल नव्हते तेव्हाही हे असंच होतं. झोप यायला लागल्याचा निरोप देणारं मेलॅटोनिन नावाचं संप्रेरक या वयात संध्याकाळी उशिरा वाढायला लागतं, लहानपणापेक्षा साधारण एक-दोन तास उशिरा, आणि सकाळी उतरतंही उशिरा. गरज तर आठ ते दहा तासांची आहेच. म्हणजे साडेपाचला तुम्ही जिला उठवता ती तिच्या शरीराच्या घड्याळात अजून मध्यरात्रीतच असते म्हणा ना.

अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१४ मध्ये सांगितलं की मोठ्या मुलांच्या शाळा साडेआठच्या आधी भरवू नका, आणि कॅलिफोर्नियात २०२२ पासून हायस्कूलसाठी तसा कायदाच लागू झाला. आणि आपल्याकडे? फेब्रुवारी २०२४ मध्ये जीआर निघाला की पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत. चांगलंच झालं, चिमुरड्यांची झोप मोडत होती. पण गंमत बघा, सहा वर्षाचं पोर आपणहून साडेसहाला उठून आईच्या पोटावर चढून बसतं, आणि ज्या पंधरा वर्षाच्या मुलीला खरोखर उठता येत नाही तिला आपण सातच्या अधिवेशनात घातलंय, वर तिचा गणिताचा क्लास सकाळी सहाचा. ज्यांना सकाळची शाळा सगळ्यात अवघड त्यांनाच ती दिलीय आपण. याबद्दल पालकसभेत कुणी बोलताना मी अजून ऐकलं नाही, वह्यांच्या कव्हरच्या रंगावर मात्र पाऊण तास चर्चा होते.

शाळेची वेळ तुमच्या हातात नाही, तर हातातलं सांगते. सकाळी उठल्या उठल्या तिला उजेडात आणा, गॅलरीत, गच्चीवर, चहा तिथेच पिऊ दे. सकाळचा उजेड घड्याळ थोडं अलीकडे ओढतो, संध्याकाळनंतरचा झगझगीत उजेड पलीकडे ढकलतो. रविवारी झोपू द्या पण अकरापर्यंत नको, रोजच्यापेक्षा फार तर दोन तास जास्त, नाहीतर सोमवारी पुन्हा पहिल्यापासून. दुपारी शाळेतून आल्यावर अर्धा तास झोप चालेल, दोन तास नको. आणि शाळेतल्या मंडळींसाठी, वेळापत्रक करणाऱ्या सरांना माझी हात जोडून विनंती, सकाळच्या अधिवेशनात पहिलाच तास बीजगणिताचा ठेवू नका आणि घटक चाचणी सव्वासातला घेऊ नका, ती निदान तिसऱ्या तासाला घ्या. परिपाठ हॉलमध्ये उरकता त्याऐवजी मैदानावर घ्या. फुकटचं औषध आहे.

प्रश्न : बाई, मी दहावीत आहे, लातूर. मी रोज चार तास वाचते, हायलायटरनं पुस्तक पिवळंधमक केलंय, वाचताना सगळं येतं, पण पेपर हातात आला की कोरं. आई म्हणते लक्ष नाही. माझी मेमरी वीक आहे का?

अगं, मेमरी वीक नाही, पद्धत वीक आहे. आणि ही पद्धत तुला आम्हीच शिकवली, 'नीट वाच, परत वाच' म्हणत.

दुसऱ्यांदा वाचताना पान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीचं वाटलं की मेंदू म्हणतो झालं, येतंय आपल्याला. पण ओळखणं वेगळं आणि आठवणं वेगळं. गल्लीतल्या त्या काकूंना तू शंभर माणसांत ओळखशील, पण त्यांच्या चष्म्याची फ्रेम कसली आहे ते आत्ता सांग बघू. पेपरमध्ये ओळखायचं नसतं, पुस्तक समोर नसताना बाहेर काढायचं असतं, आणि त्या बाहेर काढण्याचा सराव तू एकदाही करत नाहीस.

रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये कॉलेजच्या मुलांना उतारे दिले. एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं वाचायच्या ऐवजी कागद घेऊन आठवेल तेवढं लिहिलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर पुन्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. म्हणून तर सगळ्यांना वाचणंच बरं वाटतं! पण आठवड्यानं परीक्षा घेतली तेव्हा वाचणाऱ्यांना ४२ टक्के आठवलं आणि आठवून लिहिणाऱ्यांना ५६. ती मुलं तुझ्यापेक्षा मोठी होती हे खरं, पण नंतर अमेरिकेतल्याच सहावी ते आठवीच्या खऱ्या वर्गांत छोट्या छोट्या प्रश्नोत्तरांनी हेच करून बघितलं आणि तिथेही फायदा दिसला.

तर तू असं कर. धातुविज्ञानचा धडा घे, दोन पानं वाच, पुस्तक उलटं ठेव. कोरा कागद घे आणि आठवेल ते लिही, वाक्यं नकोत, तुटक चालेल, आकृती काढ. 'अभिक्रियाशीलता श्रेणी... पोटॅशियम वर... तांबं खाली... मधलं काय??' असं लिहिलंस तरी चालेल, ते दोन प्रश्नचिन्हच तुझा आजचा अभ्यास आहे. मग पुस्तक उघड आणि फक्त तेवढंच लाल पेननं भर. हेच परवा परत, आठवड्यानं परत, प्रत्येक वेळी आधी कागद मग पुस्तक. पहिल्या दिवशी तुला रडू येईल कारण कागद अर्धा रिकामाच राहील, आणि तुला वाटेल पिवळ्या हायलायटरचंच बरं होतं. तेव्हा माझी आठवण काढून शिव्या दे पण कागद सोडू नको.

गणिताचंही सांगते. एका सरावसंचात सगळी गणितं एकाच प्रकारची असतात, पहिलं सुटलं की पुढची नऊ हात आपोआप सोडवतो, डोकं झोपलं तरी. पेपरमध्ये मात्र वर्गसमीकरण, श्रेढी, संभाव्यता सगळं मिसळून येतं आणि 'हे कुठल्या धड्यातलं' हेच कळत नाही. म्हणून प्रत्येक धड्याच्या शेवटचा संकीर्ण प्रश्नसंग्रह घे, चार धड्यांतली चार-चार गणितं चिठ्ठ्यांवर लिही, डब्यात टाक आणि डबा हलवून काढ. जास्त चुकतील. चुकू देत, मार्च अजून लांब आहे.

(शिक्षक मंडळी हे वाचत असतील तर, तासाची पहिली चार मिनिटं 'मागच्या तासाला काय झालं होतं' हे तुम्ही सांगू नका, पोरांना वहीच्या मागच्या पानावर लिहू द्या, मार्क न देता. मी हे शेवटची नऊ वर्षं केलं. सुरुवातीला मला वाटायचं पोर्शन मागे पडेल, उलट दिवाळीनंतर उजळणीचे तास कमी लागायला लागले.)

प्रश्न : आमच्या सोसायटीत बोटांच्या ठशांवरून मुलाचा मेंदू उजवा की डावा, सायन्सला घालायचं की आर्ट्सला, हे सांगणारे आलेत. सोबत 'मिडब्रेन ॲक्टिव्हेशन'चं शिबिर, पोरं डोळ्यांवर पट्टी बांधून वाचतात म्हणे. फी बरीच आहे. घालू का?

नको. ठशांच्या त्या डीएमआयटी चाचणीला शास्त्रीय आधार नाही असं इंडियन सायकिॲट्रिक सोसायटीनंच २०१९ मध्ये सांगितलंय. उजव्या मेंदूची माणसं, डाव्या मेंदूची माणसं असलं काही नसतं, साधं वाक्य वाचतानासुद्धा दोन्ही बाजू कामाला लागतात. आणि पट्टीचं म्हणाल तर नाकाच्या दोन्ही बाजूंना जी फट राहते तिथून खालचं दिसतं, लहानपणी आंधळी कोशिंबीर खेळला असाल तर तुम्हाला माहितीच आहे. पोराचं नाक कापसानं आणि चिकटपट्टीनं नीट बंद करून वाचायला सांगा, बघा शिबिरवाले किती वेळ थांबतात. त्या पैशात मुलाला सायकल घ्या.

प्रश्न : सातारा जिल्ह्यातला निवृत्त मुख्याध्यापक आहे, ३४ वर्षं सेवा. आपलं लिखाण वाचून राग आला. मेंदू तयार झालेला नाही म्हणजे शिस्तच लावायची नाही का? मी नववीत असताना चौघे मित्र शाळा बुडवून पालीच्या खंडोबाच्या यात्रेला चालत गेलो होतो. दुसऱ्या दिवशी मास्तरांनी वेताच्या छडीनं असं फोडलं की पुन्हा म्हणून शाळा बुडवली नाही. छडीनंच आम्ही घडलो. आता पोरांना सबबी आपणच पुरवायच्या, हे मेंदूचं शास्त्र का?

सर, तुमच्या रागातलं अर्धं मला मान्य आहे. 'मेंदू पंचविशीपर्यंत कच्चा' हे वाक्य हल्ली रीलवर फिरतं आणि पोरंच ते आयांना ऐकवतात, माझ्या भाचीनं मला ऐकवलंय. ते तसं नाहीच. पंचविसाव्या वाढदिवसाला कुठलं बटण पडत नाही. २०१९ मध्ये ११ देशांतल्या, भारत धरून, पाच हजारांवर लोकांचा एक अभ्यास आला, त्यात दिसलं की शांतपणे बसून तर्क करायची, लक्षात ठेवायची कुवत साधारण सोळाव्या वर्षी मोठ्यांइतकी होते. मागे राहतो तो संयम, भर गर्दीत, तापलेल्या डोक्यानं, मित्रांसमोर स्वतःला आवरणं. म्हणून नियम हवेतच, आणि ते शांत असताना, आधी, पोरांसोबत बसून ठरवलेले हवेत. भांडणाच्या ऐन भरात केलेला उपदेश पोरांच्या डोक्यात शिरत नाही, आणि खरं सांगायचं तर त्या वेळी आपल्याही डोक्यातून तो नीट निघत नाही.

छडीचं म्हणाल तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं ती बंद केलीय, कलम १७, त्यामुळे तो वाद संपलाय. पण कायदा बाजूला ठेवला तरी छडीनं पोरगं शिकतं ते एवढंच, की मास्तर कुठे उभे आहेत याच्यावर नजर ठेवायची. घाबरलेल्या डोक्यात त्या तासाचं प्रमेय शिरत नाही हो.

सबबी मी पुरवत नाही. मी म्हणते, पोरांचा जो भाग अजून बांधून व्हायचाय त्याचं काम तोवर बाहेरून करायचं. उदाहरण देते. प्रकल्प वही पूर्ण करायला महिना दिला की निम्मा वर्ग शेवटच्या रात्री आईला जागवून पूर्ण करतो, आणि मग आपण आळशी म्हणतो. महिन्याभराचं काम तुकड्यांत मांडणं हे त्याच कपाळामागच्या भागाचं खातं आहे. मी एक तारीख द्यायच्या ऐवजी चार द्यायला लागले. पाच तारखेला फक्त विषय आणि तीन प्रश्न, बाराला निरीक्षणाचा तक्ता रिकामा आखून, वीसला तक्ता भरलेला, अठ्ठावीसला वही. चारही तारखा पोरांच्या हातानं वहीच्या पहिल्या पानावर. तारीख चुकली की त्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यासमोर बसून पूर्ण करायचं, ओरडा नाही, सवलतपण नाही. दहावीला गेल्यावर तीच पोरं स्वतःहून तारखा पाडून आणायची, सगळी नाही, पण बरीच. याला तुम्ही शिस्तच म्हणाल ना सर?

आणि एक विचारते, लहान तोंडी मोठा घास. पालीच्या यात्रेला तुम्ही चौघे गेलात असं लिहिलंय. एकटे असता तर गेला असता का?